रुंद चाके, अरुंद रस्ते

मोटारीची मूळ चाके उतरवून त्यांच्या जागी रुंद चाके आणि रुंद टायर चढविण्याची हौस आपल्या राज्यात आता नवी राहिलेली नाही. म्हापशापासून मडगावपर्यंत टायरच्या दुकानांच्या दर्शनी भागात मिश्रधातूची चकचकीत चाके मांडलेली असतात आणि त्यांच्यासमोर घुटमळणारे तरुणही दिसतात. नवी, चपळ मोटार घरी येते, तिची पूजा होते, नारळ फुटतो आणि महिना उलटण्याच्या आत तिच्या पायांत दुसरे जोडे घालण्याचा विचार सुरू होतो. मोटार अधिक देखणी दिसावी हा त्यातला एक हेतू. वळणावर ती अधिक घट्ट धरून राहावी, ब्रेक लावताच जागच्या जागी थांबावी, हा दुसरा. पहिला हेतू सौंदर्याचा असल्याने त्यावर वाद घालण्याचे आम्हांला कारण नाही. दुसरा हेतू मात्र सुरक्षिततेचा आहे, आणि सुरक्षितता ही एकट्या मालकाची खाजगी बाब नसल्याने तिचा जाहीर विचार होणे अगत्याचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मोटारीवर प्रेम करणाऱ्या तरुणाची टवाळी करावी म्हणून आम्ही लेखणी उचललेली नाही. यंत्रावर माया असणे हा दुर्गुण नव्हे. पोर्तुगीज अमदानीत परदेशी मोटारी गोव्यात मोकळेपणाने येत आणि त्या राखणारे कसबी हातही याच मातीत तयार झाले. त्या पिढीतील मेस्त्री मोटारीच्या आवाजावरून तिचे दुखणे ओळखत. आज त्यांच्या नातवाला मोटारीचे चाक बदलावेसे वाटले तर त्यात वंशपरंपरेने आलेली गोडीच आहे, असे आम्ही समजतो. आमचे म्हणणे एवढेच की ज्या कसोशीने आजोबा यंत्र समजून घेत, त्या कसोशीने नातवानेही ते समजून घ्यावे आणि मगच त्याला हात लावावा. रुंद चाक म्हणजे अधिक पकड आणि अधिक पकड म्हणजे अधिक सुरक्षितता, हे समीकरण ऐकायला सोपे आहे. ते जेवढे सोपे आहे तेवढे खरे नाही.

टायर ही वस्तू गोमंतकाला परकी नाही. फोंडा तालुक्यातील उसगाव येथे एम.आर.एफ.च्या कारखान्यात गेली कित्येक दशके टायर तयार होत आहेत. तरीही टायरच्या बाजूवर उठविलेले आकडे वाचता येणारी माणसे आपल्याकडे फार थोडी. ते वाचणे मुळीच अवघड नाही. ‘१८५/६५ आर १५’ असे लिहिलेले असेल तर पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा आकडा बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेकडा किती, हे सांगतो. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि शेवटचा आकडा म्हणजे टायर ज्या रिमवर बसतो तिचा इंचांतील व्यास. त्यापुढे एक संख्या आणि एक अक्षर असते. संख्येवरून टायर किती भार पेलू शकेल हे कळते, तर अक्षरावरून तो किती वेगापर्यंत भरवशाचा आहे हे समजते. ‘८८’ म्हणजे ५६० किलो, ‘८४’ म्हणजे ५०० किलो. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटर, ‘एच’ म्हणजे २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०.

हे गणित स्वतः उत्पादक कसे मांडतात ते पाहण्यासारखे आहे. मारुतीच्या स्विफ्ट मोटारीच्या खालच्या श्रेणींना १६५/८० आर १४ हे माप दिले जाते, तर वरच्या श्रेणींना १८५/६५ आर १५. टायर वीस मिलिमीटरने रुंद झाला, रिम एका इंचाने वाढली. परंतु चाकाचा एकूण व्यास पहिल्या मापात सुमारे ६२० मिलिमीटर आहे, तर दुसऱ्यात सुमारे ६२१.५. म्हणजे फरक जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा! रुंदी वाढविताना भिंतीची उंची नेमकी तितकीच उतरविली आहे. त्यामुळे वेगदर्शक काटा खोटे बोलत नाही, गिअरचे प्रमाण बिघडत नाही आणि ब्रेकच्या वेळी चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा हिशेबही चुकत नाही. चाक बदलण्याची शिस्त ती ही.

आता हाच मालक उत्साहाच्या भरात एक पायरी आणखी वर जातो आणि २०५/४५ आर १७ हे माप निवडतो, असे समजा. एकूण व्यास सुमारे ६१६ मिलिमीटर भरतो. फरक शेकडा एकाहूनही कमी असल्याने दुकानदार ‘अगदी बरोबर बसते’ असे सांगतो, आणि तेवढ्यापुरते ते खरेही असते. मात्र १२० मिलिमीटर उंचीची बाजूची भिंत आता ९२ मिलिमीटरवर आलेली असते. खड्ड्याचा दणका झेलणारी रबराची आणि हवेची जी उशी होती, तिच्यातील २८ मिलिमीटर गेले. जवळजवळ चौथा हिस्सा गेला. याहून मोठा चकवा भाराच्या संख्येत आहे. १८५/६५ आर १५ या टायरवर सामान्यतः ‘८८’ असते. २०५/४५ आर १७ च्या साध्या बांधणीच्या टायरवर ‘८४’ असते. टायर दिसायला दांडगा झाला, पण भार पेलण्याची त्याची ताकद ५६० किलोंवरून ५०० किलोंवर आली! भार मूळच्या इतकाच ठेवायचा तर त्याच मापाचा जादा भाराच्या बांधणीचा टायर मागावा लागतो आणि त्यात हवाही अधिक दाबाची भरावी लागते. कितीजण हे विचारून घेतात? चवथीला मागे तीन माणसे बसवून आणि डिकीत माटोळीचे सामान भरून गावी निघालेल्या मोटारीला हा प्रश्न केवळ कागदावरचा नसतो.

पकडीचा मुद्दा आता घेऊ. चपळ हॅचबॅकच्या पुढच्या एका चाकावर साधारण साडेतीनशे किलो भार येतो असे धरू. टायरमध्ये दर चौरस इंचास ३३ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो दाबाची हवा आहे. या हवेने तो भार तोलून धरायचा तर रस्त्याला टेकलेला टायरचा भाग ढोबळमानाने दीडशे चौरस सेंटीमीटर असावा लागतो. पोस्टकार्डाहून थोडा मोठा तुकडा, एवढाच त्याचा विस्तार. अशा चार पोस्टकार्डांवर सारे कुटुंब घाट उतरत असते. टायर रुंद केला, पण भार तोच आणि हवेचा दाबही तोच, तर या तुकड्याचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. बदलतो तो प्रामुख्याने आकार. पूर्वी तो लांबट होता, आता आखूड आणि आडवा होतो. या आडव्या आकाराचा वळणावर खरोखर लाभ होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्टिअरिंगला टायर लवकर साद देतो, रबर कमी मुरडते, उष्णता अधिक भागावर पसरते. कोरड्या, गुळगुळीत शर्यतीच्या मार्गावर या गोष्टींचे मोल मोठे आहे. परंतु नवे टायर चढविल्यावर मोटार ‘एकदम चिकटून चालते’ असा जो अनुभव सांगितला जातो, त्यातले श्रेय पुष्कळदा रुंदीचे नसते. जुने, कडक झालेले रबर जाऊन नवे, मऊ आणि उत्तम प्रतीचे रबर आलेले असते, हेही त्याचे कारण असते. तेच रबर मूळच्या मापात घेतले असते तर त्या लाभाचा बराच भाग काहीच न बिघडविता पदरी पडला असता.

शिवाय आपला मुलूख कोरड्या शर्यतमार्गाचा नाही. गोव्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. ओल्या रस्त्यावर टायरला आधी पाणी बाजूला सारावे लागते आणि मगच डांबराला हात लागतो. हिशेब करून पाहा. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलेले आहे आणि मोटार ताशी ८० किलोमीटरने चालली आहे. १९५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला, ती सारी रुंदी धरल्यास, दर सेकंदाला सुमारे १३ लिटर पाणी वाटेतून दूर करावे लागते; २३५ मिलिमीटरच्या टायरला जवळजवळ १६ लिटर. टेकणारा भाग आखूड झालेला असल्याने या वाढीव कामाला वेळ मात्र कमी मिळतो. पाणी सारता आले नाही की टायर त्यावर तरंगू लागतो. त्या क्षणी स्टिअरिंग हलके लागते, ब्रेक निरुपयोगी होतो आणि मोटार चालकाची न राहता पाण्याची होते. अमेरिकेच्या नासा या संस्थेतील संशोधक वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या चाकांच्या संदर्भात या प्रकाराचा अभ्यास करून १९६३ साली त्याचे सूत्र मांडले. हा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, असे त्यात दिसते. त्या सूत्राने ३० पौंड दाबाला ताशी सुमारे ९१ किलोमीटर हा आकडा येतो, तर २४ पौंडांना सुमारे ८२. नक्षी झिजलेली असेल, पाणी खोल असेल किंवा टायर रुंद आणि मोटार हलकी असेल, तर मोटारीच्या बाबतीत धोका याहून अलीकडेच सुरू होऊ शकतो. राष्ट्रीय महामार्गावर वेर्ण्याच्या पठारावरून पावसाळी सांजवेळी परतणाऱ्या कोणालाही हे वेग अपरिचित नाहीत.

टायर हा चाकाचा भाग, चाक हे सस्पेन्शनचे टोक आणि सस्पेन्शन हे सबंध मोटारीचे अंग. एक ओढले की दुसरे हलते. चाकावर ‘ऑफसेट’ नावाचा एक आकडा कोरलेला असतो. चाकाची मध्यरेषा आणि ते जेथे मोटारीला बसते ती जागा, यांतील अंतर तो सांगतो. सहा इंच रुंदीच्या, ५० ऑफसेटच्या रिमऐवजी साडेसात इंचांची, ४० ऑफसेटची रिम बसविली तर चाकाची बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर सरकते आणि आतली कड ९ मिलिमीटर आत शिरते. बाहेरची कड भार भरल्यावर मडगार्डला घासू लागते. आतली कड शॉक अॅब्सॉर्बरच्या अंगाला भिडते. हे दोन्ही टळले तरी बेअरिंगवर येणारा ताण बदललेला असतो. चाकाला वळविणारी मूळ भूमिती ढळते आणि रस्त्यावरच्या खाचेबरोबर स्टिअरिंग हातातून ओढ घेऊ लागते. मोठे चाक वजनदारही असेल तर प्रत्येक खड्ड्यात तेवढे अधिक वजन वर-खाली आपटते आणि स्प्रिंगला ते आवरता आवरत नाही. स्वस्त चाकांचे मधले भोक मोटारीच्या हबशी नेमके जुळत नसल्यास ती केवळ नटांच्या आधाराने बसतात आणि वेगात थरथरतात. यांतला एकही दोष दुकानाच्या दारात दिसत नाही. तेथे दिसते ती केवळ शोभा. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण संसाराला जशी लागू आहे, तशीच ती मडगार्डलाही लागू पडते.

‘मग परदेशातल्या वेगवान मोटारींना इतके रुंद टायर कसे असतात?’ असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे. इटलीच्या लॅम्बॉर्गिनी कंपनीने १९७४ साली काउंटाश ही मोटार विक्रीस आणली, तेव्हा तिच्या मागच्या चाकांना २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. पुढे पिरेली कंपनीने शर्यतींच्या अनुभवातून पी-७ नावाचा बुटक्या भिंतीचा टायर सिद्ध केला आणि १९७८ सालच्या काउंटाशच्या नव्या आवृत्तीला मागे थेट ३४५ मिलिमीटरचे टायर आले. जगभरच्या तरुणांच्या खोल्यांत भिंतीवर झळकलेली मोटार ती हीच. परंतु ते टायर नुसते जुन्या जागी चढविलेले नव्हते, ही गोष्ट त्या चित्रात दिसत नाही. त्यांच्यासाठी जानपाओलो दाल्लारा यांच्यासारख्या नामवंत अभियंत्याने सस्पेन्शनची मांडणी नव्याने केली आणि चाके झाकण्यासाठी मोटारीच्या अंगाला रुंद कमानी जोडण्यात आल्या. एवढे करूनही फुकट काहीच मिळाले नाही. वळणावरची पकड वाढली खरी. पण रुंद टायर आणि त्या कमानी यांना वाऱ्याचा विरोध होऊन मोटारीचा कमाल वेग आधीच्या अरुंद टायरांच्या मोटारीपेक्षा उतरला. ज्यांनी मोटार बनविली त्यांनाही रुंदीची किंमत मोजावी लागली. ती किंमत आपल्याला माफ असेल, असे समजण्यास काय आधार आहे?

शर्यतींच्या जगातही वारे एकाच दिशेने वाहत नाहीत. फॉर्म्युला वनमध्ये २०१७ साली टायर मुद्दाम रुंद करण्यात आले. पुढचे २४५ मिलिमीटरवरून ३०५ वर आणि मागचे ३२५ वरून ४०५ वर गेले. मात्र २०२६ च्या नियमांनी त्याच टायरांची रुंदी पुढे २५ आणि मागे ३० मिलिमीटरने उतरविली. मोटारी हलक्या व्हाव्यात आणि त्यांना वाऱ्याचा अडसर कमी व्हावा, हा त्यामागचा हेतू. जगातील सर्वांत वेगवान मोटारी चालविणाऱ्यांना टायर अरुंद करण्यात कमीपणा वाटला नाही. रुंदी हे त्यांच्या लेखी साधन आहे. आपल्याकडे ती प्रतिष्ठा होऊन बसली आहे.

या हौशी मंडळींच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि न्यायबुद्धीने तो मांडला पाहिजे. आपल्या देशातील उत्पादक इंधनाची बचत दाखविण्यासाठी आणि खर्च वाचविण्यासाठी खालच्या श्रेणीच्या मोटारींना पुष्कळदा काटकसरीचे टायर देतात, ही तक्रार सर्वस्वी निराधार नाही. ज्या मोटारीची वरची श्रेणी एक पायरी रुंद टायरवर उत्तम चालते, त्याच मोटारीच्या खालच्या श्रेणीच्या मालकाने तेच माप घेतले तर त्याला दोष देता येणार नाही. उलट ते शहाणपणाचे ठरेल. कारण ते माप स्वतः उत्पादकाने तपासलेले असते आणि त्यासाठी मडगार्ड, स्टिअरिंग, भार या सर्वांचा विचार झालेला असतो. आमचा आक्षेप या पहिल्या पायरीला नाही. ती ओलांडून, कोणी तपासलेले नाही अशा मापाकडे केवळ दृष्टीच्या मोहाने जाण्याला आहे.

कायद्याची भूमिका याबाबत पुरेशी स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरविला आणि उत्पादकाने मूळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही, असे सांगितले. चाक आणि टायर यांची मापे ही वाहनाला मान्यता देतानाच्या तपशिलांत मोडतात. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२-अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. विम्याची बाजूही विसरता येत नाही. बदल कळविलेला नसेल तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी तोच बदल वादाचे मूळ होऊन बसतो. अशा वेळी मोटारीच्या मालकाचे नुकसान होतेच. समोरच्या जखमी माणसालाही त्या वादाची झळ पोचू शकते.

परंतु कायदा लिहिलेला असणे आणि तो वावरत असणे यांत अंतर आहे. कानठळ्या बसविणाऱ्या सायलेन्सरवर कारवाई होते, कारण तो लांबूनच आपली ओळख करून देतो. चाक मुके आहे. मडगार्डाबाहेर डोकावणारे चाक हवालदाराच्या डोळ्यांसमोरून रोज जाते. पण त्याचे माप तपासावयाचे कशाशी, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. परिणामी एकीकडे सरसकट मनाई आणि दुसरीकडे सरसकट मोकळीक, अशी विचित्र अवस्था झाली आहे. विचारपूर्वक एक पायरी चढणारा आणि डोळे मिटून तीन पायऱ्या उडी मारणारा, हे दोघेही सारखेच भीत राहतात किंवा दोघेही सारखेच निर्धास्त असतात. ज्या नियमात शहाण्याला उत्तेजन नाही आणि बेफिकिराला अटकाव नाही, तो नियम कागदाची शोभा होतो.

या बाबतीत जर्मनीचे उदाहरण घेण्याजोगे आहे. वेगावर प्रेम करणारे ते राष्ट्र आहे. तेथे चाके बदलण्याची हौस आपल्याहून कमी नाही. परंतु तेथे बाजारातल्या चाकाला कोणत्या मोटारीवर, कोणत्या टायरसह आणि कोणत्या अटींवर ते चालेल याचे प्रमाणपत्र असावे लागते. जरूर तेथे ‘ट्यूव्ह’सारख्या संस्थेचा तज्ज्ञ मोटार तपासतो, स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक कोठे घासते का ते पाहतो आणि मगच बदलाची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत होते. ही नोंद नसेल तर वाहन रस्त्यावर चालविण्याची परवानगीच धोक्यात येते. हौस मारली जात नाही आणि रस्ताही वाऱ्यावर सोडला जात नाही. आपल्याकडे हे अशक्य का असावे? वाहने आणि त्यांचे सुटे भाग तपासणारी ए.आर.ए.आय. ही संस्था पुण्यात १९६६ पासून उभी आहे. तज्ज्ञता आहे, प्रयोगशाळा आहेत. मालकाला चोखाळता येईल अशी सरळ वाट तेवढी नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. केंद्र सरकारने प्रत्येक मोटारीसाठी उत्पादकाला मान्य असलेल्या चाकांच्या आणि टायरांच्या सर्व मापांची यादी उत्पादकांकडून घेऊन ती सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध करावी. त्या यादीतील माप घेणाऱ्याला कोणी अडवू नये. यादीबाहेरचे माप हवे असेल त्याने ठरलेली फी भरून तपासणी करून घ्यावी आणि नोंद मिळवावी. राज्याच्या वाहतूक खात्याला दिल्लीची वाट पाहण्याची गरज नसलेलीही काही कामे आहेत. पावसाळ्यापूर्वी नाक्यानाक्यावर टायरची तपासणी ठेवता येईल. मडगार्डाबाहेर आलेले चाक आणि घासून गुळगुळीत झालेली नक्षी या दोन गोष्टी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. विक्रेत्यांवर तर विशेष जबाबदारी आहे. औषधविक्रेता मागितलेले कोणतेही औषध उचलून देत नाही. ज्या वस्तूवर चार-पाच जणांचे प्राण टेकलेले असतात, ती विकणाऱ्याने भाराची संख्या, वेगाचे अक्षर आणि ऑफसेट गिऱ्हाइकाला समजावून दिल्याखेरीज चाकाचा नट आवळू नये, अशी अपेक्षा करणे जास्तीचे खास नाही.

तरुण मित्रांना मात्र आम्हांला वेगळ्या सुरात दोन शब्द सांगावयाचे आहेत. चाकांवर पैसा खर्च करण्यापूर्वी मोटारीच्या आहे त्या टायरांकडे एकदा वाकून पाहा. बाजूवर चार अंकी आकडा असेल; ‘२३१९’ असा असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षीच्या खाचांत मध्ये मध्ये छोटे उंचवटे दिसतील. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले म्हणजे खाच केवळ १.६ मिलिमीटर उरलेली असते आणि टायर निवृत्त करण्याची वेळ आलेली असते. आमच्या पावसात तर त्याच्याही आधी. दर पंधरवड्याला, टायर थंड असताना, हवेचा दाब मोजून घ्या. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग वेळच्या वेळी करा. मूळच्या मापातच अधिक चांगल्या प्रतीचा टायर मिळतो का, ते आधी विचारा. एवढे करून हौस उरलीच, तर उत्पादकाने मान्य केलेली एक पायरी चढा. भार आणि वेग मूळच्यापेक्षा कमी होणार नाही हे पाहा आणि विमा कंपनीला तसे कळवा. हे सारे करणारा मालक आमच्या मते खरा रसिक आहे. चाकावरून मोटारीची किंमत करणारे लोक वाटेवर नुसते पाहत उभे असतात.

आपले रस्ते बरेचसे शेतांच्या बांधांवरून, माडांच्या रांगांमधून आणि घरांच्या पायऱ्यांना लागून गेलेले आहेत. झुआरीवरच्या नव्या रुंद पुलावरून ऐटीत उतरलेली मोटारसुद्धा थोड्याच वेळात अशा एखाद्या वाटेला लागते, जेथे समोरून येणाऱ्या स्कूटरला बाजू द्यायची तर एक चाक मातीत उतरवावे लागते. त्या स्कूटरवर शाळेतून परतणारे मूल असते, मासळीची पाटी घेऊन निघालेली बाई असते, कामावरून सुटलेला कामगार असतो. मोटारीच्या चाकाची निवड त्यांनी केलेली नसते. तिचे परिणाम मात्र त्यांच्या वाट्याला येऊ शकतात. चाक किती रुंद असावे हे ठरविताना आपण आपल्या मोटारीपुरते ठरवीत नसतो, हे भान सुटता कामा नये. पहिला पाऊस पडून डांबर निसरडे होते त्या दिवशी चाकाची शोभा कोणी पाहत नाही. त्या दिवशी ब्रेक लावल्यावर मोटार माणसाच्या अलीकडे थांबते की नाही, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर कोरड्या दिवसांत दुकानात उभे राहून द्यावे लागते.